स्किझोफ्रेनिया ‘मेंदूचा आजार’ म्हणजे नक्की काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्राच्या एमएला ‘स्किझोफ्रेनियाच्या जैविक स्पष्टीकरणांचं मूल्यमापन करा’ हा हमखास येणारा प्रश्न आहे. नोट्समध्ये डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन), आनुवंशिकता आणि मेंदूची रचना असे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाखाली ‘समर्थन’ आणि ‘टीका’. पण घरी मोठा भाऊ सहा वर्षं गोळ्यांवर आहे. त्याचे डॉक्टर म्हणतात मेंदूतल्या रसायनांचा तोल गेलाय, नोट्स म्हणतात हे अतिसुलभीकरण आहे, आणि यात खरं कोण बोलतंय ते तुम्हाला कळत नाही. शेवटच्या ओळीत विचारलंय, ‘मलाही होऊ शकतं का?’

पंचवीसेक वर्षं मी हा आजार ओपीडीत आणि वॉर्डात पाहतोय, विद्यार्थ्यांनाही शिकवतो. तुमच्या नोट्समध्ये दिलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत, घोळ मांडणीत आहे. प्रत्येक पुरावा एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर असतो आणि आपण तो भलत्याच प्रश्नाच्या खात्यावर जमा करतो. आवाज ऐकू येत असताना मेंदूत काय चाललेलं असतं, हा एक प्रश्न. गोळीने फरक का पडतो, हा दुसरा. हजार माणसांत काहींनाच हा आजार का होतो, हा तिसरा. आणि माझ्याच भावाला का झाला, हा चौथा. डोपामिनकडे पहिल्या दोघांचं बऱ्यापैकी उत्तर आहे. आनुवंशिकतेकडे तिसऱ्याचं आहे. चौथ्याचं उत्तर आज कोणाकडेच नाही, आणि घरच्यांना हवं असतं ते नेमकं तेच.

डोपामिनपासून सुरू करतो, कारण तिथला इतिहास उलट्या दिशेने घडलाय. आधी औषध सापडलं, कारण मागाहून शोधलं गेलं. क्लोरप्रोमाझिन 1950 च्या शेवटी फ्रान्समध्ये तयार झालं. ॲन्री लाबोरी हे सर्जन ते भुलीच्या संदर्भात वापरत होते आणि ते दिल्यावर रुग्ण जागा असूनही निर्विकार होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. 1952 मध्ये पॅरिसमध्ये देले आणि देनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. वर्षानुवर्षं वॉर्डात असलेली माणसं शांत झाली, बोलू लागली. ते नेमकं काय करतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. 1963 मध्ये आर्विद कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून अंदाज बांधला की ही औषधं मेंदूतल्या रासायनिक संदेशांचे ‘दरवाजे’, म्हणजे रिसेप्टर, अडवत असावीत. 1970 च्या दशकाच्या मध्यावर फिलिप सीमन यांच्या आणि सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी दाखवलं की एखादं औषध डी-2 या डोपामिन रिसेप्टरला जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा कमी डोस पुरतो. वेगवेगळ्या रसायनकुळांतली औषधं त्या आलेखावर जवळजवळ एका रेषेत बसली. मानसोपचारात असा स्वच्छ आलेख क्वचितच मिळतो, मला तो आजही देखणा वाटतो.

पण या आलेखातून सिद्ध काय झालं? ही औषधं डी-2 मार्गे काम करतात, एवढंच. आजार डोपामिन वाढल्यामुळे होतो, हे त्यातून निघत नाही. ताप गोळीने उतरतो म्हणून ताप त्या गोळीच्या अभावाने आला, असं आपण म्हणत नाही. तुमच्या नोट्समध्ये ही टीका असेल. बहुतेक विद्यार्थी तिथेच थांबतात आणि गुण घेतात. मला मात्र ती अर्धवट वाटते, कारण पुरावा फक्त औषधांचा नाही, उलट्या बाजूचाही आहे. ॲम्फेटामिन मेंदूत डोपामिन सोडतं. ते भरपूर आणि सतत घेणाऱ्यांना संशय, पाठलाग होतोय असं वाटणं, आवाज येणं हे सगळं होऊ शकतं, आणि ते चित्र स्किझोफ्रेनियापासून वेगळं काढणं अवघड असतं, हे 1958 मध्ये फिलिप कॉनेल यांनी सविस्तर नोंदवलं. पार्किन्सनच्या रुग्णांना डोपामिन वाढवणारी औषधं दिली की काहींना भास होतात. आणि आमची औषधं जास्त झाली की रुग्णाचे हात थरथरतात, चेहरा कोरा होतो, चाल पार्किन्सनसारखी होते. दोन्हीकडून ओढून पाहिलं तरी दोर तोच निघतो.

त्यानंतरचा पुरावा आणखी थेट आहे. 1990 च्या दशकात मार्क लारुएल आणि अनिसा अबी-दरघम यांच्या गटाने जिवंत माणसाच्या मेंदूत दाखवलं की ॲम्फेटामिनचा तोच डोस दिला तर आजाराच्या भरात असलेल्या रुग्णांत निरोगी माणसांपेक्षा जास्त डोपामिन सुटतं. पुढे पेट स्कॅनच्या, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणाऱ्या चित्रणाच्या, अनेक अभ्यासांतून दिसलं की मेंदूच्या खोलवरच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन तयार करण्याची क्षमताच सरासरीने वाढलेली असते. म्हणजे बिघाड दरवाजात कमी आणि आतून येणाऱ्या पुरवठ्यात जास्त. आपण गोळीने दरवाजा अडवतो आणि पूर आत येऊ देत नाही, नदीचं पाणी मात्र तेवढंच राहतं. गोळी थांबवल्यावर आजार का उलटतो, याचं अंशतः उत्तर इथे आहे.

‘तोल गेलाय’ हा शब्दप्रयोग मला आवडत नाही, त्याचं कारणही हेच. तोल म्हटलं की डोळ्यासमोर तराजू येतो, आणि मग घरचे विचारतात की रक्त तपासून डोपामिन किती आहे ते सांगा. रक्तात ते कळत नाही. शिवाय बिघाड सगळ्या मेंदूत एकसारखा नाही. 1991 मध्ये केनेथ डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी मांडलं की खोलवरच्या एका मार्गात डोपामिन जास्त आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात कमी, अशी दोन टोकं एकाच वेळी असू शकतात. तुमच्या भावाचे डॉक्टर खोटं बोलत नाहीत. ओपीडीत वाट्याला आलेल्या चार मिनिटांत ते एक सोयीची उपमा वापरतायत. मीही वापरली आहे.

आता हे डोपामिन ‘संशय’ कसा काय निर्माण करतं? इथे बहुतेक नोट्स गप्प असतात आणि मला तर हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. डोपामिन मेंदूला सांगतं की ‘हे महत्त्वाचं आहे, इकडे लक्ष दे’. शितिज कपूर यांनी 2003 मध्ये मांडलं की हा इशारा अवेळी, अकारण वाजू लागला की कशालाही अर्थ चिकटतो. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने आजाराच्या सुरुवातीचं वर्णन केलं होतं, ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणाला, ‘‘आधी कोणीही माझ्या मागे नव्हतं. फक्त सगळं ठळक दिसायला लागलं. गाड्यांच्या नंबरप्लेट. कोणी खाकरलं की ते माझ्यासाठी. तीन आठवडे मला कळेना हे काय चाललंय. मग एके दिवशी एकदम उलगडा झाला की हे सगळे मिळालेले आहेत, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं.’’ त्याला बरं का वाटलं असेल ते बघा. विनाकारण ठळक झालेल्या जगाचा त्याला अर्थ लागला होता. रसायनाने ठळकपणा दिला. गोष्ट मात्र त्याने स्वतः रचली, त्याच्या भाषेतून, भीतीतून, पूर्वायुष्यातून. म्हणूनच एकाच्या भ्रमात पोलीस असतात, दुसऱ्याच्या भ्रमात शेजारी आणि तिसऱ्याच्या भ्रमात उपग्रह.

याच तरुणाने गोळ्या सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी सांगितलं, ‘‘आवाज आहेत, पण आता त्यांचं फारसं काही वाटत नाही.’’ औषधाचा परिणाम बहुतेकदा असाच असतो. विश्वास एका झटक्यात पुसला जात नाही, आधी त्याची धार जाते. जाता जाता एक दुरुस्ती करून घ्या. रिसेप्टर काही तासांत अडतो पण परिणाम यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून डोपामिनचा सिद्धांत डळमळतो, असं तुमच्या नोट्समध्ये असेल. ही टीका जुनी झाली. 2003 मध्ये अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की सुधारणा पहिल्याच आठवड्यात सुरू होते आणि सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या दोन आठवड्यांत होते. पूर्ण फरक दिसायला वेळ लागतो, ती वेगळी गोष्ट.

डोपामिनची खरी अडचण दुसरीकडे आहे. काही रुग्णांत डी-2 पुरेसा अडवूनही काहीच होत नाही. पेट स्कॅनवर दिसतं की साधारण 65 टक्के रिसेप्टर अडले की गुण येण्याची शक्यता वाढते आणि 78 टक्क्यांच्या पुढे कंप, जखडलेपण वाढतं. पण भरपूर अडवूनही जैसे थे असणारे लोक आहेतच. 1988 मध्ये जॉन केन यांच्या अभ्यासात अशा हट्टी आजाराच्या रुग्णांना क्लोझापिन दिल्यावर 30 टक्क्यांना गुण आला, क्लोरप्रोमाझिनवर फक्त 4 टक्क्यांना. आणि क्लोझापिन डी-2 ला इतर औषधांपेक्षा सैलच पकडतं! पुढे 2012 मध्ये अर्सिमे देमजाहा आणि सहकाऱ्यांच्या एका छोट्या अभ्यासात, गोळ्यांना न जुमानणाऱ्या रुग्णांत डोपामिन तयार होण्याचं प्रमाण निरोगी माणसांइतकंच दिसलं. अभ्यास छोटा असला तरी तो ओपीडीतल्या अनुभवाशी जुळतो. एकाच नावाखाली बहुधा एकाहून जास्त यंत्रणा आहेत.

दुसरी अडचण तुम्ही घरी रोज पाहत असाल. आवाज थांबले, संशय गेला, पण भाऊ दिवसभर पडून असतो, बोलत नाही, आंघोळीला चार वेळा सांगावं लागतं. यांना ऋण लक्षणं म्हणतात. नाव मला फार कोरडं वाटतं, कारण घर मोडतं ते बहुतेकदा यांच्यामुळेच. डोपामिन अडवून ती सुटत नाहीत, कधी कधी औषधाच्या सुस्तीने वाढतातही. स्मरणशक्ती, लक्ष, नियोजन यांतली घटही तशीच राहते. जो सिद्धांत अर्ध्याच आजाराबद्दल बोलतो, त्याला अर्ध्या आजाराचा सिद्धांत म्हणावं.

म्हणून ग्लुटामेट हे मेंदूतलं दुसरं संदेशवाहक रसायन पुढे आलं. फेन्सिक्लिडिन आणि केटामिन ही भुलीची औषधं ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर अडवतात आणि निरोगी माणसातही थोडा वेळ संशय, तुटक विचार आणि भावनांचा कोरडेपणा आणतात, म्हणजे दोन्ही प्रकारची लक्षणं. ॲम्फेटामिनपेक्षा ही नक्कल जास्त हुबेहूब. कागदावर सिद्धांत फार सुंदर आहे. पण ग्लुटामेटवर काम करणारी पोमाग्लुमेटॅड, बिटोपेर्टिन ही औषधं मोठ्या चाचण्यांत नापास झाली. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं झेनोमेलिन-ट्रॉस्पियम हे मात्र डोपामिनच्या रिसेप्टरला हात न लावता मस्कॅरिनिक या वेगळ्याच रसायनाच्या रिसेप्टरमार्गे काम करतं. त्यामुळे डोपामिन बाद झालं असं म्हणायची घाई करू नका, कारण त्या वाटेने गेलं तरी पुढे डोपामिनचा पुरवठाच कमी होतो असं मानलं जातं.

आता आनुवंशिकता. इथे आकडे सगळ्यांना पाठ असतात, अर्थ फार थोड्यांना. आयर्विंग गॉट्समन यांनी 1991 मध्ये युरोपातले जुने अभ्यास एकत्र करून दिलेले आकडे अजून पुस्तकांत छापले जातात: सर्वसाधारण लोकांत सुमारे 1 टक्का, भावंडांत 9, आई किंवा वडिलांना असेल तर 13, एकसारख्या जुळ्यांत 48 टक्के. नंतरच्या, जास्त काटेकोर अभ्यासांत आकडे खाली आले. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या 2018 च्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांतलं प्रमाण 33 टक्के आणि वेगळ्या जुळ्यांतलं 7 टक्के निघालं. तरी त्याच अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा 79 टक्के काढला. विद्यार्थी इथे गोंधळतात. एकसारख्या जुळ्यांपैकी दोन तृतीयांशांत दुसऱ्याला आजार नाही, मग 79 टक्के कुठून आले?

कारण 79 टक्के हा आकडा तुमच्या भावाबद्दल नाहीच. ‘त्याचा आजार 79 टक्के जनुकांमुळे’ असं वाक्य निरर्थक आहे. हा आकडा एवढंच सांगतो की त्या लोकसंख्येत, त्या काळात, माणसामाणसांतल्या धोक्याच्या फरकापैकी किती फरक जनुकीय फरकाशी जोडता येतो. समजा एखाद्या ठिकाणी झाडून सगळी माणसं सारखीच सिगारेट ओढतात. तिथे फुप्फुसाचा कर्करोग कोणाला होतो आणि कोणाला नाही, हा फरक जनुकांमुळेच पडलेला दिसेल आणि आनुवंशिकता प्रचंड निघेल. सिगारेट मात्र निर्दोष ठरणार नाही. शिवाय जनुक आणि परिस्थिती जेव्हा हातात हात घालून काम करतात, तेव्हा जुळ्यांच्या गणितात त्यांचा एकत्र परिणाम बऱ्याच वेळा जनुकांच्याच पारड्यात पडतो.

जुळे एकाच घरात वाढतात, त्यांना सारखीच वागणूक मिळते, ही टीका रास्त आहे. तिला दोन चांगली उत्तरं आहेत. एक, लेनर्ड हेस्टन यांचा 1966 चा अभ्यास. आजारी आईपासून जन्मानंतर लगेच दूर वाढलेल्या 47 मुलांपैकी 5 जणांना स्किझोफ्रेनिया झाला, तुलनेच्या 50 पैकी एकालाही नाही. आकडे लहान आहेत, पण नंतर डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासांतूनही दिशा तीच निघाली. दुसरं उत्तर मला जास्त भावतं. एकसारख्या जुळ्यांपैकी एक आजारी आणि एक धडधाकट असेल, तर त्या धडधाकट जुळ्याच्या मुलांना किती धोका? गॉट्समन आणि बेर्टेलसन यांनी 1989 मध्ये दाखवलं की तो धोका आजारी जुळ्याच्या मुलांइतकाच, सुमारे 17 टक्के आहे. म्हणजे आजार दिसला नाही तरी प्रवृत्ती पुढे गेली. आणि त्या धडधाकट जुळ्यात ती प्रवृत्ती आयुष्यभर निमूट बसून राहिली, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजूंनी बोलणारे असे पुरावे उत्तरपत्रिकेत वापरा.

पेक्का तिएनारी यांच्या फिनलंडमधल्या दत्तक अभ्यासाने पुढची पायरी दाखवली. आजारी आईची मुलं बऱ्या वातावरणाच्या घरात वाढली तर त्यांच्यात या प्रकारचे आजार बरेच कमी दिसले, बिघडलेल्या घरात वाढली तर जास्त. जनुकीय धोका नसलेल्या मुलांवर घराच्या वातावरणाचा एवढा परिणाम दिसला नाही. आता कोणी विचारेल हे स्पष्टीकरण जैविक की मानसिक, तर मी म्हणेन प्रश्नच चुकलाय.

जनुकांच्या शोधाची गोष्ट शहाणं करणारी आहे. एका स्कॉटिश कुटुंबात गुणसूत्रांची अदलाबदल सापडली, त्यावरून डिस्क-1 हे जनुक प्रसिद्ध झालं, त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले, आणि मोठ्या लोकसंख्येत शोधल्यावर त्याला फारसा आधार मिळाला नाही. 2022 चा आंतरराष्ट्रीय अभ्यास 76,755 रुग्णांचा होता आणि त्यात जनुकसंचातल्या 287 जागा धोक्याशी जोडलेल्या सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम इवलासा. या सगळ्या छोट्या परिणामांची बेरीज करून काढलेला गुणांक आजाराच्या धोक्यातला सुमारे 7 टक्के फरकच सांगू शकतो, तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. इतर वंशांत तो आणखी लंगडा पडतो, कारण नमुनेच बहुतांश तिथले होते. याला अपवाद 22 व्या गुणसूत्राचा तुकडा गळण्याचा. तशा जन्मलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला मोठेपणी सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांत वास्तवाशी नातं तुटणं, होतो. पण असे लोक फार थोडे. तेव्हा कोणी ‘स्किझोफ्रेनियाची जेनेटिक टेस्ट’ विकत असेल तर पैसे वाचवा.

मेंदूच्या रचनेबद्दल एक प्रसंग सांगतो, तो माझ्या खोलीत थोड्याफार फरकाने दर दोन-तीन महिन्यांनी घडतो. वडील एमआरआयचा मोठा लिफाफा घेऊन येतात, फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरतात आणि बोटाने एकेक चौकट दाखवत विचारतात, ‘‘यात कुठे दिसतंय?’’ खाली रिपोर्टात लिहिलेलं असतं: लक्षणीय दोष नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की माणसाने खूश व्हायला हवं. पण हे वडील खचतात. काही दिसलं असतं तर मुलगा ‘नाटक करत नाहीये’ हे सिद्ध झालं असतं.

आणि तरीही पाठ्यपुस्तकात ‘मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या असतात’ हे वाक्य आहेच. दोन्ही खरं कसं? 1976 मध्ये ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ रुग्णालयात असलेल्या 17 रुग्णांचे सीटी स्कॅन करून पोकळ्या सरासरीने मोठ्या असल्याचं दाखवलं. 2016 मध्ये दोन हजारांवर रुग्णांचे स्कॅन एकत्र करून पाहिल्यावर सर्वांत ठळक घट हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी जोडलेल्या भागात निघाली. किती? प्रमाणित एककात 0.46. याचा हिशेब मांडला तर रुग्णांचा आणि निरोगी लोकांचा आलेख सुमारे 82 टक्के एकमेकांवर पडतो. एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस डोळे मिटून निवडा. शंभरपैकी 63 वेळा रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल, नुसत्या नाणेफेकीने 50 वेळा निघाला असता. गटासाठी फरक पक्का, एका माणसासाठी निरुपयोगी. वडिलांच्या हातातली फिल्म म्हणूनच कोरी.

यात औषधांचाही घोळ आहे. 2005 मध्ये मकाक माकडांना, म्हणजे ज्यांना स्किझोफ्रेनिया नाहीच अशा प्राण्यांना, 17 ते 27 महिने हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिलं तेव्हा त्यांच्या मेंदूचं आकारमान 8 ते 11 टक्क्यांनी कमी भरलं. तेव्हा वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेल्यांच्या स्कॅनमध्ये आजार किती आणि औषध किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. औषध सुरू होण्याआधीच्या रुग्णांतही काही फरक दिसतात, म्हणून सगळा दोष औषधावर टाकता येत नाही. पण ‘मेंदू आकसतो, बघा हा पुरावा’ असं ठणकावून सांगणाऱ्याला हा माकडांचा अभ्यास जरूर विचारा.

आणि एक गंमत. रिचर्ड सडथ यांनी 1990 मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या 15 जोड्या घेतल्या, एक आजारी आणि एक नाही अशा. 15 पैकी 14 जोड्यांत आजारी जुळ्याचा हिप्पोकॅम्पस लहान होता. विद्यार्थी हा अभ्यास ‘जैविक, म्हणून आनुवंशिक’ म्हणून लिहितात. अहो, जनुकं दोघांची एकच आहेत! मेंदूत फरक असेल तर तो जनुकांपलीकडून आला: गर्भातला रक्तपुरवठा, प्रसूतीतली गुंतागुंत, संसर्ग, पुढचं आयुष्य किंवा औषध. ‘जैविक’ आणि ‘आनुवंशिक’ हे समानार्थी शब्द नाहीत, ही चूक सर्रास होते.

गर्भाचा उल्लेख आलाच आहे तर, 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये पडलेल्या उपासमारीच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्या मुलांत पुढे या आजाराचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. चीनमधल्या 1959-61 च्या दुष्काळाच्या अभ्यासातही तेच. हे कारण जैविक म्हणायचं की राजकीय? भूक पोटात असते, दुष्काळ बाहेर. 1987 मध्ये डॅनियल वाइनबर्गर यांनी आणि स्वतंत्रपणे रॉबिन मरे व शॉन लुइस यांनी मांडलं की आजाराचं बीज जन्माच्या आसपास पडतं आणि मेंदू वयात येताना उगवतं. किशोरवयात मेंदू अनावश्यक जोडण्या छाटतो. 2016 मध्ये सी-4 या प्रतिकारशक्तीच्या जनुकाचे काही प्रकार धोका थोडा वाढवतात आणि ते या छाटणीत भाग घेतात असं दिसलं, तेव्हा या कल्पनेला पहिल्यांदा ठोस धागा मिळाला. आजार बहुतेकदा सतरा-अठरा ते तिशीच्या दरम्यानच का उफाळतो, याचं मला पटणारं उत्तर याच वाटेवर आहे. याच वयात गांजा आला तर धोका वाढतो. स्वीडनच्या 45,000 हून अधिक लष्करभरतीच्या तरुणांच्या 1987 च्या अभ्यासात पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत प्रमाण सहापट होतं, मात्र इतर गोष्टी हिशेबात धरल्यावर ते कमी झालं.

एक मूलभूत आक्षेप नोट्समध्ये बहुधा नसतो. आपण कशाचं कारण शोधतोय? डीएसएम-5 या निदानाच्या अमेरिकी नियमावलीप्रमाणे भ्रम, भास, विस्कळीत बोलणं, विस्कळीत वागणं आणि ऋण लक्षणं या पाचपैकी दोन लागतात, त्यातलं किमान एक पहिल्या तीनांतलं. एकाला भ्रम आणि ऋण लक्षणं. दुसऱ्याला भास आणि विस्कळीत बोलणं. दोघांत एकही समान लक्षण नाही, निदान एकच. शिवाय कारण सापडलं की तो रुग्ण या यादीतून बाहेरच जातो. पूर्वी मनोरुग्णालयांत ‘जनरल पॅरेसिस’चे असंख्य रुग्ण असत. 1913 मध्ये नोगुची आणि मूर यांना त्यांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले आणि तो आजार मानसोपचारातून संसर्गाच्या खात्यात गेला. 2007 मध्ये जोसेप दालमाऊ यांनी एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह वर्णन केला, त्यातल्या काही तरुणींना सुरुवातीला सायकोसिसच समजलं जाई. आता तपासणी आहे, उपचार वेगळा आहे, नावही वेगळं आहे. म्हणजे स्किझोफ्रेनिया हे नाव व्याख्येनेच कारण न सापडलेल्यांसाठी शिल्लक राहतं. ‘अजून जैविक कारण सापडलं नाही’ ही टीका करताना हे ध्यानात ठेवा.

‘जैविक स्पष्टीकरण म्हणजे रिडक्शनिझम’ (गुंतागुंतीची गोष्ट एकाच घटकावर आणून ठेवणं) ही ओळ मात्र उत्तरात लिहू नका, किंवा लिहिलीत तर कोणता भाग गळला ते दाखवा. नुसता शब्द फेकून काही होत नाही. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी ‘आजार निर्माण करणारी आई’ ही कल्पना मांडली आणि कित्येक आयांनी ते ओझं वाहिलं. पुराव्यावर ती टिकली नाही. जैविक संशोधनाने त्या आयांना मोकळं केलं, हे कोणत्याही टीकेत विसरू नये. दुसऱ्या बाजूने, सर्वेक्षणांतून दिसतं की ‘मेंदूचा आजार’ म्हटल्यावर लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण तो बरा होईल याची आशाही कमी ठेवतात. माझ्या ओपीडीत दोन्ही परिणाम एकाच कुटुंबात एकाच दिवशी दिसतात.

आता भावाचं. गोळ्यांवर विश्वास ठेवायला डोपामिनचा सिद्धांत पूर्ण खरा असण्याची गरज नाही. स्टेफान लॉइख्ट यांनी 2012 मध्ये चाचण्या एकत्र केल्या तेव्हा वर्षभराच्या आत आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू ठेवलेल्यांत 27 टक्के आणि औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर (प्लासिबो) 64 टक्के होतं. हा आकडा कोणत्याही सिद्धांतावर उभा नाही. त्यात हेही आहे की 27 टक्क्यांत औषध घेऊनही उलटला आणि 36 टक्क्यांत औषधाविना त्या काळात उलटला नाही. कोण कुठल्या गटातलं, हे आधी ओळखता येत नाही, म्हणून डोस कमी करायचा विचार असेल तर तो डॉक्टरांबरोबर, सावकाश. त्याला सुस्ती असेल, वजन वाढलं असेल तर तेही त्यांना स्पष्ट सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

आणि तुम्ही शेवटी जे विचारलंत ते. भावंडांचा धोका जुन्या आकड्यानुसार आयुष्यभरात सुमारे 9 टक्के, म्हणजे शंभर भावंडांतली नव्वदहून जास्त या आजाराशिवाय आयुष्य काढतात. तुमचं वय जसं तिशीच्या पुढे सरकेल तसा उरलेला धोका कमी होत जाईल. गांजापासून लांब राहा, हे मात्र मी तुम्हाला इतरांपेक्षा जास्त जोर देऊन सांगेन. झोप उडाली, सगळं विनाकारण ठळक आणि आपल्यासाठीच असल्यासारखं वाटायला लागलं आणि ते काही दिवस टिकलं, तर घरात कुजबुजत न बसता सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. भाऊ कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहेच, रांगेत बसायला लाजू नका.